उन्हाळी सुट्टीतील शालेय परसबाग : नेरे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : शालेय परसबाग, उन्हाळी सुट्टी, मडका सिंचन, आच्छादन, शालेय पोषण आहार, शाळा व्यवस्थापन समिती.

प्रस्तावना :

शालेय परसबाग ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नई तालीमच्या विचारात हाताने करावयाच्या उत्पादक कामाला शिक्षणाचा पाया मानले गेले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या केंद्रपुरस्कृत आहार योजनेमुळे आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्न देण्याविषयी दिलेल्या आदेशामुळे शाळेत स्वयंपाक होऊ लागला. त्यामुळे शाळेच्या आवारातील भाजीला शाळेतच ग्राहक मिळाला. पुढे २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. असे असूनही पुष्कळ परसबागांचे आयुष्य जूनपासून एप्रिलपर्यंतच असते. मे महिन्यात त्या वाळतात आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्या कुदळीपासून आरंभ होतो. ही घटना निष्काळजीपणाची आहे की नियोजनाची, याचा विचार प्रस्तुत लेखात पनवेल तालुक्यातील नेरे परिसराच्या संदर्भात केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप :

नेरे हे गाव गाढी नदीच्या खोऱ्यात, माथेरानच्या डोंगराच्या पश्चिमेस वसलेले आहे. पावसाळ्यात येथे पाण्याची ददात नसते. परंतु उताराची जमीन पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ओढे आटतात, विहिरींची पातळी खाली जाते. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून आहे. शाळेची सुट्टी साधारणपणे मेच्या प्रारंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. म्हणजे ज्या सहा आठवड्यांत रोपाला माणसाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच सहा आठवड्यांत शाळेत माणूस नसतो.

शीत कटिबंधातील देशांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेथे उन्हाळी सुट्टी हाच भाजीपाल्याच्या वाढीचा व काढणीचा काळ असल्याने ‘तयार झालेली भाजी कोण काढणार’ अशी चिंता असते. कोकणात मात्र ‘रोप जगवणार कोण’ हा प्रश्न आहे. त्यामुळे परदेशी पुस्तकांतील उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

नेरे येथेच कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. जेथे माणसे बारा महिने राहतात अशी ही संस्था आहे. कोकणातील घरामागील परसाचेही तसेच असते. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ जगतात, कारण न्हाणीला सुट्टी नसते. शालेय परसबाग दिसते घरच्या परसासारखी, परंतु तिच्यामागे घर नसते. हा भेद लक्षात न घेता घरच्या पद्धतीने ती लावली जाते आणि तेथेच तिच्या वाळण्याची बीजे पेरली जातात.

२. पिकांची निवड :

सुट्टीतील परसबागेचे नियोजन मे महिन्यात नव्हे, तर फेब्रुवारीत करावे लागते. या दृष्टीने पिकांचे तीन गट पाडता येतात.

पहिला गट सुट्टीपूर्वी संपणाऱ्या पिकांचा. लाल माठ पंचवीस ते तीस दिवसांत, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीस येतो. यांची शेवटची पेरणी अशा बेताने करावी की एप्रिलअखेर वाफा रिकामा होईल. भेंडी व चवळी फेब्रुवारीच्या पूर्वार्धात पेरल्यास सुट्टीपूर्वी त्यांचे बरेचसे उत्पन्न हाती येते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ‘कोकण सदाबहार’ ही चवळी या परिसरास मानवणारी आहे. शेवटच्या काही शेंगा बियाण्यासाठी झाडावरच वाळू द्याव्यात. मात्र वळिवाच्या सरींपूर्वी त्या काढून राखेत घालून ठेवाव्यात.

दुसरा गट सुट्टीत विश्रांती घेणाऱ्या पिकांचा. सुरणाचा कंद उन्हाळ्यात जमिनीत निद्रिस्त असतो. त्याला पाणी लागत नाही. वांगे व मिरची यांची एप्रिलच्या अखेरीस जमिनीपासून सुमारे एक फूट उंचीवर छाटणी केली असता पानांतून होणारे बाष्पीभवन कमी होते आणि मुळे जिवंत राहिल्यास पहिल्या पावसाबरोबर नवी फूट येते. शेवगा व कढीपत्ता एकदा रुजल्यावर अल्प पाण्यावर तग धरतात.

तिसरा गट ज्यांना पाणी द्यावेच लागते अशा पिकांचा. दुधी, कारले, पडवळ यांचे दोन-चार वेल मेच्या मध्यास आळ्यात लावले तर मृगाच्या पावसापर्यंत ते मांडवाकडे सरकलेले असतात. हा गट मुद्दाम लहान ठेवावा. परसबागेचा आकार उपलब्ध जमिनीवरून नव्हे, तर मे महिन्यात मिळू शकणाऱ्या पाण्यावरून ठरविणे श्रेयस्कर होय.

३. पाण्याचा हिशेब :

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. उन्हाळ्यात पिकाची गरज दिवसाला पाच मिलिमीटर धरली तर वीस चौरस मीटरच्या बागेस रोज १०० लिटर आणि पंचेचाळीस दिवसांत ४,५०० लिटर पाणी लागेल. जेथे पिण्याच्या पाण्यासाठीच हंडे भरून ठेवावे लागतात, तेथे हा आकडा सांगणेदेखील संकोचाचे ठरते.

यावर मडका सिंचनाचा जुना उपाय आहे. चीनमधील इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील कृषिग्रंथातही त्याचे वर्णन आढळते. चकाकी न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्याने भरावे व तोंडावर झाकण ठेवावे. भोवतीची माती कोरडी झाली की पाणी अधिक पाझरते, ओली असली की पाझर मंदावतो. अर्थात रोप आपल्या गरजेइतके पाणी घेते. रोपे मडक्यापासून वीतभर अंतरात असावीत. क्षारांनी छिद्रे बुजलेला जुना माठ मात्र उपयोगी पडत नाही. पाच लिटरची दहा मडकी आठवड्यातून दोनदा भरली तर आठवड्याला १०० लिटर, म्हणजे संपूर्ण सुट्टीत सुमारे ६५० लिटर पाणी पुरते. हंडा पंधरा लिटरचा धरल्यास हे आठवड्याला सहा-सात हंडे होतात. एवढ्या पाण्यावर सबंध बाग वाढणार नाही. पण निवडलेली रोपे व वेल जगतील.

याच्या जोडीस आच्छादन हवे. तीन-चार इंच जाडीचा पालापाचोळा मातीवर पसरल्यास ओल टिकते व माती तापत नाही. खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे वाळवीचा उपद्रव कमी होतो. भाताच्या राबासाठी याच काळात पाला गोळा होतो, त्यामुळे शाळेने तो फेब्रुवारीतच जमवून ठेवणे इष्ट. रिकाम्या झालेल्या वाफ्यांना एकदा भरपूर ओलावून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने बुजविल्यास चार ते सहा आठवड्यांत उन्हाच्या उष्णतेने तणांचे बी व मातीतील अनेक रोगकारक बुरश्या नष्ट होतात. एका भागात शत्रू ठरलेले ऊन दुसऱ्या भागात असे कामास लावता येते.

उन्हाळ्यात गुरे मोकाट सुटतात, हेही ध्यानात ठेवावयास हवे. काटेरी फांद्यांची वई मार्चमध्येच दुरुस्त न केल्यास बाकीचे सर्व श्रम एका रात्रीत व्यर्थ जातात.

४. पाणी कोणी घालावे ?

येथवरचे उपाय तांत्रिक आहेत आणि ते अवघड नाहीत. खरा प्रश्न आठवड्याला सहा-सात हंडे कोण वाहणार, हा आहे. बहुधा हे काम शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडे गृहीत धरले जाते. परंतु केंद्रीय योजनेत स्वयंपाकी व मदतनीस यांचे मानधन वर्षातील १० महिन्यांसाठीच धरलेले आहे. ज्या काळाचे मानधन नाही, त्या काळाची जबाबदारी केवळ आपुलकीच्या नावाखाली त्यांच्यावर सोपविणे न्याय्य नव्हे. पनवेल तालुक्यातील कातकरी कुटुंबांपैकी काही या काळात वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. त्यामुळे ‘मुले येऊन पाणी घालतील’ हा भरवसाही सर्वांबाबत धरता येत नाही.

यावर एक साधे तत्त्व स्वीकारता येईल : सुट्टीत जो पाणी घालील, त्याची त्या काळातील भाजी. पिकलेली भाजी शाळेची आणि पाण्याचे श्रम दुसऱ्याचे, ही विभागणी टिकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. एप्रिलच्या सभेत या समितीने शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांची नावे, त्यांचे आठवडे, फाटकाची किल्ली व भाजीवरील हक्क यांची इतिवृत्तात नोंद करावी. तोंडी विनंतीला सुट्टी लागते. लेखी हक्काला लागत नाही.

५. महाविद्यालयांची भूमिका :

राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत महाविद्यालये परसबागेचे उपक्रम घेतात. मात्र त्यांचीही सुट्टी उन्हाळ्यातच असल्याने विद्यार्थ्यांनी मे महिन्यात पाणी घालावे ही अपेक्षा अवास्तव आहे. त्यांचे कार्य हिवाळी शिबिरात आहे : वई घालणे, पाला साठविणे, मडकी पुरणे, पाण्याचा हिशेब मुलांकडून मांडून घेणे. लावलेल्या रोपांच्या संख्येऐवजी १५ जून रोजी जिवंत असलेल्या रोपांची संख्या अहवालात दिल्यास उपक्रमाचे खरे मूल्यमापन होईल.

समारोप :

सुट्टी हा शालेय परसबागेवर येणारा अपघात नसून तिच्या रचनेतील पहिली अट आहे. ती अट मान्य केल्यास बाग लहान होते, पण टिकते. प्रत्येक जूनमध्ये वाळलेले वाफे पाहणारे मूल, आरंभ केलेले काम मध्येच सोडून द्यावयाचे असते, हे नकळत शिकते. उलट शाळेच्या पहिल्या दिवशी छाटलेल्या वांग्याला फुटलेली पालवी आणि मांडवाशी आलेला पडवळाचा वेल दिसला, तर आपण नसतानाही कोणीतरी राखण केली, ही जाणीव त्याला होते. आहारातील भाजीइतकेच या जाणिवेचेही शैक्षणिक मोल आहे.