श्रेष्ठ संघ कोणता म्हणावा?

आपल्याकडे फुटबॉल म्हटला की पायाने चेंडू मारण्याचा खेळ डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेत या नावाचा खेळ निराळाच आहे. तेथे लंबगोल चेंडू हातांत घेऊन धावावयाचे किंवा तो सोबत्याकडे फेकावयाचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. हा खेळ महाविद्यालयांतच वाढला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्सने प्रिन्स्टनचा ६-४ असा पराभव केला, तो या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानतात. गंमत अशी की, त्या दिवशी चेंडू हातांत घेऊन धावण्यास मनाईच होती!

आजवरच्या संघांत श्रेष्ठ कोणता, हा वाद तेथे घरोघर रंगतो. आम्हांस वाटते, या वादाचे मूळ संघांत नसून मोजमापांत आहे.

विजयांची संख्या हे माप घ्यावे, तर मिशिगनचा मान पहिला. २०२३ साली एक हजार विजयांचा टप्पा प्रथम त्यानेच गाठला. १८८८ साली येलने तर सर्व सामन्यांत मिळून ६९८ गुण केले व प्रतिपक्षांस एकही गुण करू दिला नाही. परंतु त्या काळी हा खेळ मोजक्याच महाविद्यालयांत रुजला होता, हे विसरून कसे चालेल?

अखंड यश पाहावे, तर १९५३ ते १९५७ या काळात ओक्लाहोमाने ओळीने ४७ सामने जिंकले. ती मालिका नोत्र दामने ७-० अशी खंडित केली. अजिंक्यपदे मोजावी, तर ब्रायंट व सेबन या दोन मार्गदर्शकांच्या हाताखाली अलाबामाने प्रत्येकी सहा पदे मिळविली. मात्र अजिंक्यपद ठरविण्यासाठी पूर्वी अंतिम सामनाच नसे. १९३६ पासून क्रीडावार्ताहरांच्या मतांवरून क्रम लावीत, आणि कधी कधी एकाच वर्षी दोन संघ अजिंक्य म्हणवीत. चार संघांची बाद फेरी २०१४ च्या हंगामात आली. २०२४ पासून तीत बारा संघांस स्थान मिळाले.

याहून गंभीर प्रश्न पुढे आहे. मैदानावर येण्याची मुभा कोणास होती? दक्षिणेकडील अनेक विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस दीर्घकाळ मज्जाव होता. त्यांच्यासाठी असलेल्या ग्रॅम्बलिंग येथे एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ या काळात मार्गदर्शक म्हणून ४०८ विजय मिळविले. पण बलाढ्य गोऱ्या संघांशी झुंजण्याची संधी त्यांच्या पूर्वीच्या खेळाडूंस मिळालीच नाही. १९७० साली सदर्न कॅलिफोर्नियाच्या मिश्र संघाने अलाबामास त्याच्याच राज्यात ४२-२१ असे हरविले. त्यात सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूचा पराक्रम मोठा होता. पुढच्याच वर्षी अलाबामाच्या संघातूनही कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरले. ज्या काळात निम्मे दार बंद होते, त्या काळातील विजयांचे मोल पूर्ण कसे धरावे?

आणखी एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. शिकागो विद्यापीठ एके काळी या खेळात अग्रगण्य होते. १९३५ साली सर्वोत्तम खेळाडूचा जो मोठा मान सुरू झाला, तो प्रथम तेथीलच जे बरवँगर यास मिळाला. तरीही विद्येपुढे खेळाचा बडेजाव नको, या विचाराने अध्यक्ष हचिन्स यांच्या काळात, १९३९ साली, शिकागोने आपला संघच बंद केला. कित्येक वर्षांनी, १९६९ मध्ये, तो साधेपणाने पुन्हा सुरू झाला.

म्हणून आमचे मत असे : विजय मोजावेत, पण ते कोणाविरुद्ध, कोणत्या नियमांनी आणि कोणास बाहेर ठेवून मिळविले, हेही विचारावे. आपल्या शाळेच्या मैदानावर 'आमचाच संघ श्रेष्ठ' अशी गर्जना करण्यापूर्वी, मैदानाबाहेर कोण उभे आहे इकडे एकवार पाहावे, एवढेच आमचे सांगणे.