कोठीचा शिधा आणि कंट्रोलचा गहू

आमचे वडील दरबारातले गवई. सणावारी कोठीतून घरी शिधा येई, त्याची हकीकत ते रंगवून सांगत. तांदूळ, कणीक, तुरीची डाळ, तूप, गूळ, मीठ, हळद, वर भाजी आणि तिच्यात घालावयाच्या चार मिरच्यासुद्धा! शिधा म्हणजे पुऱ्या जेवणाचे सामान, अशी कोठीवाल्याची समजूत. अर्थात तो गवयाला मिळे. झाडूवाल्याला मिळत असेलच असे नाही, हेही विसरू नये.

आज मिळते ते मेहेरबानीने नव्हे, हक्काने. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. ही थोर गोष्ट आहे. फुकटे म्हणून हिणवणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण ५ किलोचे रोजचे माप काढले तर दीडशे ग्रॅमच्या थोडे वर भरते, आणि कायद्याचा हा हक्क धान्याचाच. डाळ, तेल, भाजी ज्याची त्याने पाहावी. तामिळनाडूत शिधापत्रिकेवर तूरडाळ आणि पामतेल स्वस्तात देतात, म्हणजे हे अशक्य नाही. आपल्याच सरकारी शाळेत प्राथमिकच्या मुलाच्या दुपारच्या ताटाला माप आहे: १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्या मुलाच्या आईच्या ताटाला असे माप नाही.

लष्करातल्या माझ्या शिकवणीला एक मुलगी येते. गळा गोड, पण षड्ज लावला की दम पुरत नाही. मी रियाजावरून रागावलो. मग कळले, सकाळपासून पोळी आणि मीठ-मिरची, एवढेच पोटात. आई चार घरची भांडी घासते. त्या महिन्यात कंट्रोलच्या दुकानी तिला दोन खेपा पडल्या. राखेने झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येईना. दोन दिवसांची मजुरी त्यात गेली, म्हणजे डाळ गेली. माझा राग मलाच लागला.

हल्ली तंबोऱ्याशेजारी भिजवलेल्या हरभऱ्यांचे पातेले असते. मुली मूठ मूठ खातात, पाणी पितात, मग बसतात. परवा त्या मुलीच्या आईने हरभऱ्याचा भाव विचारला. मी सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही.