दोघींचं जॉइंट खातं निघतं

ताईंनो, पंचायतीत आपल्याला निम्म्या जागा आहेत, म्हणून पाण्याचा विषय तरी निघतो. जोडीने संसार करणाऱ्या दोन बायकांचा विषय कोण काढणार? 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा लग्नांसाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. ते पुढे सरकलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही लग्नाचा हक्क दिला नाही. कायदा करणं संसदेचं काम, असं सांगितलं.

बँकेचं मात्र तसं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं, की अशा दोघी जॉइंट खातं काढू शकतात, एकमेकींना नॉमिनी लावू शकतात. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, घरचे दावा करू शकतात. म्हणून मृत्युपत्रही करावं. मावळात, लोणावळ्यात कुणाला बँकेने अडवलं तर आम्हाला सांगा. नावं बैठकीत घेऊ नका.