शब्दावाचून कथा : झां जिरो ऊर्फ मोबियस

'चित्रकथा' हा शब्द मराठीत आज दोन निराळ्या वस्तूंना लावला जातो. चित्रकथी पोथीतील चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरून जी कथा गातो व सांगतो, ती एक. आणि छापील चौकटींतून क्रमाने उलगडणारी, जिला सर्वसामान्य वाचक 'कॉमिक' म्हणतो, ती दुसरी. पहिल्या अर्थाची परंपरा फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या कथकाचा उल्लेख येतो. दुसऱ्या अर्थाची वस्तू छापखान्याबरोबर आली. फ्रेंच भाषेत तिला 'बांद देसिने', म्हणजे 'रेखाटलेली पट्टी', असे म्हणतात. या नावात कथेचा उल्लेखच नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण या पट्टीतून कथेचे ठरीव रूप, आणि काही काळ तर शब्दही, काढून टाकण्याचे धाडस ज्या चित्रकाराने केले तो फ्रेंचच होता. भाषाभ्यासकांच्या दृष्टीने त्याचे कार्य केवळ चित्रकलेचा विषय राहत नाही. कथनातील कोणते काम शब्द करतात आणि कोणते काम शब्दांवाचून होऊ शकते, या प्रश्नाची ती एक प्रत्यक्ष परीक्षाच होय.

झां जिरो याचा जन्म ८ मे १९३८ रोजी पॅरिसच्या पूर्वेकडील नोझां-स्युर-मार्न या उपनगरात झाला. आईवडील लवकरच विभक्त झाल्यामुळे त्याचे बालपण आजीआजोबांकडे गेले. सोळाव्या वर्षी तो पॅरिसच्या उपयोजित कलांच्या विद्यालयात दाखल झाला. तेथे त्याला झां-क्लोद मेझिएर हा सहाध्यायी भेटला. पुढे विज्ञानकथेच्या चित्रपट्ट्यांत त्यानेही मोठे नाव मिळवले. जिरोने मात्र शिक्षण अर्धवट सोडले व १९५६ च्या सुमारास तो आईकडे मेक्सिकोला गेला. तेथील काही महिन्यांच्या वास्तव्यात पाहिलेले वाळवंट त्याच्या चित्रांतून नंतर कधीच गेले नाही. क्षितिजापर्यंत पसरलेली निर्जन भूमी, वर स्वच्छ आकाश आणि मध्ये एखादीच हलणारी आकृती, ही त्याच्या पानाची मूळ मांडणी तेथूनच आली असे मानायला जागा आहे. लष्करी सेवेच्या काळात त्याला जर्मनी व अल्जीरिया येथे राहावे लागले. १९६१ मध्ये झिझे या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेल्जियन चित्रकाराच्या हाताखाली त्याने काही काळ उमेदवारी केली आणि गुरूच्या पेन्सिलीच्या रेषांवर शाई फिरवता फिरवता तो या धंद्यातील शिस्त शिकला.

१९६३ च्या ऑक्टोबरअखेरीस 'पिलोत' या साप्ताहिकात झां-मिशेल शार्लिए या लेखकाने रचलेली एक नवी मालिका सुरू झाली. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील ब्लूबेरी नावाच्या घोडदळाच्या लेफ्टनंटची ही कथा. तिची चित्रे जिरोने काढली व त्यांखाली 'जिर' अशी सही केली. शार्लिए हा पाल्हाळिक लेखक होता. कटकारस्थाने, प्रदीर्घ संवाद आणि प्रसंगाप्रसंगाला लागणारे खुलासे यांनी त्याच्या चौकटी खच्चून भरलेल्या असत. चित्रकाराच्या वाट्याला उरलेल्या जागेत घोडे, डोंगर, धूळ आणि माणसांचे थकलेले चेहरे बसवावे लागत. ही कसरत जिरोने वर्षानुवर्षे केली, आणि ती उत्कृष्ट केली. 'आर्झाक'ची मुकी पाने ज्याने पुढे रेखाटली, त्याने त्याआधी बारा वर्षे शब्दांच्या ओझ्याखाली काम केले होते, हे विसरून त्या पानांचा विचार करता येणार नाही.

याच काळात त्याने दुसरे नाव धारण केले. १९६३-६४ मध्ये 'हाराकिरी' या उपरोधिक मासिकातील काही छोट्या चित्रपट्ट्यांखाली 'मोबियस' अशी सही प्रथम दिसते. हे नाव एकोणिसाव्या शतकातील जर्मन गणितज्ञ ऑगुस्ट मोबियस याचे. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन तिची टोके जोडली असता जी आकृती बनते, तिला एकच पृष्ठभाग असतो. बोट फिरवीत गेले तर एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर केव्हा आलो ते कळत नाही. टोपणनावे पुष्कळ कलावंत घेतात, परंतु येथे दोन सह्यांमागे दोन हात उभे राहिले. 'जिर' प्रामुख्याने कुंचल्याने काम करी. त्याच्या छाया दाट, कडा भक्कम. 'मोबियस' लेखणीने काम करी. त्याची रेषा बारीक, अखंड, ठिपक्यांनी व सूक्ष्म आडव्यातिडव्या रेघांनी पोत देणारी. घरची बोली आणि सभेतील प्रमाणभाषा ही दोन्ही एकाच बोलणाऱ्याच्या तोंडी आपापल्या प्रसंगी शुद्ध राहतात, तसाच हा प्रकार होता. मात्र दुसरी सही त्यानंतर सुमारे दहा वर्षे बहुतांशी सुप्तच राहिली.

डिसेंबर १९७४ मध्ये जिरो, फिलिप द्रुये, झां-पिएर दिओने व बेर्नार फार्कास या चौघांनी मिळून एक प्रकाशनसंस्था काढली आणि जानेवारी १९७५ मध्ये 'मेताल उर्लां', म्हणजे 'आक्रोश करणारे धातू', या नावाचे नियतकालिक सुरू केले. प्रौढांसाठी, विज्ञानकथेला वाहिलेले आणि चित्रकारांच्याच मालकीचे असे ते पत्र होते. त्यातच मोबियसची 'आर्झाक' ही रंगीत चित्रकथा आली. उंच टोकदार टोपी घातलेला एक स्वार, पिसे नसलेल्या एका प्राचीन पक्षासारख्या प्राण्यावर बसून ओसाड प्रदेशावरून उडत जातो, एवढीच तिची सामग्री. चौकटींत संवाद नाही, निवेदन नाही, आवाज दाखवणारी अक्षरेही नाहीत.

पहिल्या भागात या स्वाराला एका इमारतीच्या खिडकीत पाठमोरी स्त्री दिसते. तिच्याजवळच्या पुरुषाच्या गळ्यात तो वरून फास टाकतो व त्याचा काटा काढतो. मग तो खिडकीपाशी परत येतो. स्त्री तोंड वळवते. तो चेहरा विद्रूप आहे. स्वार निघून जातो.

ही गोष्ट शब्दांत सांगू लागलो की लगेच 'परंतु' वापरावासा वाटतो. मोबियसच्या पानावर 'परंतु' नाही. तेथे वळणारी मान आहे. तसेच 'तो' हे सर्वनाम नाही, पण प्रत्येक चौकटीत ती उंच टोपी आहे. पाठमोरी असो, दूरची असो, अर्धीच दिसो, टोपी दिसली की कर्ता तोच हे ठरते. काळाचे काम चौकटीच्या आकाराकडे जाते : रुंद व रिकामी चौकट डोळ्याला रेंगाळायला लावते, अरुंद चौकटी त्याला पुढे रेटतात. आणि दोन चौकटींमधली जी पांढरी पट्टी, तिच्यात वाचक 'त्यानंतर' किंवा 'त्यामुळे' यांपैकी योग्य ते अव्यय स्वतःच घालतो. एकच गोष्ट चित्राला काही केल्या साधत नाही, ती म्हणजे नकार. 'स्वाराला ती नको झाली' हे चित्र सांगू शकत नाही; ते फक्त दूर जाणारी पाठ दाखवू शकते. नकार वाचकाने काढायचा असतो. व्याकरणाच्या अभ्यासकाला या आठ-दहा पानांत जेवढे खाद्य मिळते तेवढे पुष्कळ जाड ग्रंथांत मिळत नाही.

येथे आपल्याकडील चित्रकथीची तुलना उद्बोधक ठरते. पैठणची चित्रे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रांचे संच आज संग्रहालयांतून दिसतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही ती आहेत. रंग ठसठशीत आहेत, आकृती ओजस्वी आहेत, परंतु कथा ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला एका चित्रावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. याचे कारण चित्रकाराचे कौशल्य कमी पडले असे मुळीच नाही. एक पान म्हणजे एक प्रसंग, आणि दोन पानांमधला सांधा चित्रकथ्याच्या मुखात, हीच त्या कलेची रचना होती. कथेकरी गेला की सांधेही त्याच्याबरोबर गेले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंतांनी ही परंपरा वाद्यांसह व गायनासह जिवंत ठेवली आहे, आणि २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री देऊन तिचा गौरवही झाला. तेथे चित्र अजून बोलते, कारण बोलणारा शेजारी बसलेला आहे. मोबियसने हे सांधे कथेकऱ्याच्या तोंडातून काढून कागदावर आणले. आपल्या पोथ्यांचे जतन करताना केवळ चित्रांची छायाचित्रे घेऊन भागणार नाही, चित्रकथ्याचे निवेदनही ध्वनिमुद्रित झाले पाहिजे, ही गोष्ट या तुलनेमुळे अधिकच निकडीची वाटू लागते.

अशी निःशब्द कथा कोणत्याही भाषेच्या वाचकाला सारखीच खुली असते असे म्हणण्याचा मोह होतो. एप्रिल १९७७ मध्ये अमेरिकेत 'मेताल उर्लां'ची इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा 'आर्झाक'च्या भाषांतराचा प्रश्नच उद्भवला नाही. तरीही हे विधान पूर्ण खरे नाही. चौकटी डावीकडून उजवीकडे व वरून खाली वाचायच्या हा क्रम रोमन लिपीचा आहे. देवनागरीचाही तोच असल्यामुळे मराठी वाचकाला तो क्रम जाणवतच नाही. भोकर, धर्माबाद, किनवट या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू, दखनी उर्दू, गोरमाटी अशा भाषा कानावर पडतात. तेलुगू लिपी डावीकडून चालते, उर्दू उजवीकडून. केवळ उर्दू वाचायला शिकलेल्या मुलापुढे 'आर्झाक'चे पान ठेवले तर स्त्रीचा चेहरा आधी आणि फास नंतर, अशी कथा होणे असंभवनीय नाही. जपानी चित्रकथा उजवीकडून सुरू होतात. म्हणून पाश्चात्त्य प्रकाशक एके काळी त्यांची पाने आरशातल्यासारखी उलटी करून छापीत, आणि मग त्यांतील माणसे डावखुरी होत. शब्द गेले तरी लिपी मागे राहते.

'आर्झाक'मध्ये शब्द नाहीत असे वर म्हटले, पण एक शब्द आहेच : शीर्षक. आणि ते दर भागात निराळ्या वर्णलेखनाने येते. कधी आरंभी 'एच' हे अक्षर असते, कधी नसते. शेवटी कधी 'सीएच', कधी 'के', कधी 'केसी'. आता फ्रेंचमध्ये आरंभीच्या 'एच'चा उच्चार होत नाही, आणि परक्या नावाच्या शेवटी ही सारी अक्षरे 'क'चाच ध्वनी देऊ शकतात. म्हणजे नाव डोळ्यांना बदललेले दिसते व कानाला तेच राहते. ज्या कृतीत ऐकण्यासारखे काहीच नाही, तिच्या एकुलत्या एका शब्दातील गंमतही ऐकू न येणारी असावी, ही योजना जाणूनबुजून केली असो वा नसो, मोठी मार्मिक आहे. ती मराठीत आणणे मात्र अवघड आहे. देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहावे तर चारही शीर्षके 'आर्झाक' अशीच होतील. मराठीत असा खेळ करायचा झाला तर 'श' आणि 'ष' यांसारख्या, लेखनात भिन्न परंतु बहुतेकांच्या उच्चारात एक झालेल्या, वर्णांचा आधार घ्यावा लागेल.

पुढील वर्षांतील त्याचे कार्य विपुल आहे. १९७६ ते १९७९ या काळात 'ल गाराझ एर्मेतीक' ही कथा त्याने हप्त्याहप्त्याने, पुढचे काही न ठरवता, काढली. तिच्यात शब्द परतले, पण खुलासा करण्याच्या कामावर ते रुजू झाले नाहीत. कथेला घराप्रमाणे दारे-खिडक्या असल्याच पाहिजेत असे नाही, या त्याच्या मताचा हा प्रयोगच होता. १९८० पासून अलेहांद्रो होदोरोव्स्की या चिलीत जन्मलेल्या लेखकाबरोबर त्याने 'लँकाल' ही सहा खंडांची मालिका केली. त्याचे हे सर्वांत लोकप्रिय विज्ञानकथात्मक काम. मात्र उत्तरार्धात गूढवादी निवेदन इतके वाढते की शार्लिएचे दिवस आठवावेत. 'एलियन' (१९७९) व 'ट्रॉन' (१९८२) या चित्रपटांच्या वेषभूषेच्या कल्पनांत त्याचा हात होता. डॅन ओबॅननने लिहिलेल्या व त्याने रेखाटलेल्या 'द लाँग टुमॉरो' या छोट्या कथेतील दाटीवाटीचे उभे नगर 'ब्लेड रनर'च्या (१९८२) दृश्यरचनेला प्रेरक ठरले. १९८१ मध्ये आंगुलेम येथील महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. ताहिती व कॅलिफोर्निया येथील वास्तव्याची वर्षेही याच दशकातील. ब्लूबेरीचे काम या सर्व काळात अधूनमधून चालूच होते, आणि १९८९ मध्ये शार्लिए निवर्तल्यावर ती कथा जिरो स्वतःच लिहू लागला.

उतारवयात तो शब्दांकडे अधिकच वळला. २००४ ते २०१० या काळात प्रसिद्ध झालेल्या 'इनसाइड मोबियस'च्या सहा खंडांत तो स्वतःच पात्र होऊन एका वाळवंटात हिंडतो व आपल्याच जुन्या नायकांशी वाद घालतो. त्या वाळवंटाचे नाव 'देझेर बे', म्हणजे 'वाळवंट ब'. हे शब्द फ्रेंचमध्ये भरभर उच्चारले की तण काढून टाकण्याच्या अर्थाच्या क्रियापदासारखे ऐकू येतात; गांजा सोडण्याचा त्याचा संकल्प त्या नावात दडला होता. मेक्सिकोत पाहिलेली भूमी अशा रीतीने शेवटी श्लेषात उतरली. 'आर्झाक'च्या शीर्षकातील खेळ केवळ डोळ्यांचा होता, हा केवळ कानांचा.

२०१० मध्ये, पस्तीस वर्षांनंतर, त्याने जुन्या स्वाराला पुन्हा बाहेर काढले. 'आर्झाक ल'आर्पांतर' या पुस्तकात नावाचे वर्णलेखन एकदाचे स्थिर झाले आणि स्वाराला धंदाही मिळाला : भूमापकाचा, आपल्याकडच्या मोजणीदाराचा. या पुस्तकात तो बोलतो. त्याच्या प्रदेशाला इतिहास आहे, त्याच्या उडण्याला हेतू आहे, आणि हे सर्व संवादांतून व निवेदनातून वाचकाला कळते. रेखाटन उत्तम आहे. पण ज्या पांढऱ्या पट्ट्यांत पूर्वी वाचक आपली अव्यये घालीत असे, तेथे आता लेखक आधीच येऊन बसला आहे. तीन खंडांची ही योजना होती. १० मार्च २०१२ रोजी पॅरिस येथे जिरो मृत्यू पावला, तेव्हा पहिलाच खंड प्रसिद्ध झालेला होता.