चढाईपटूचे मूल्यमापन (कबड्डी)

चढाईपटूचे मूल्यमापन म्हणजे कबड्डीत चढाई करणाऱ्या खेळाडूची गुणवत्ता आकडेवारी, प्रत्यक्ष खेळ व शारीरिक क्षमता यांवरून ठरवण्याची प्रक्रिया होय. प्रो कबड्डी लीगच्या लिलावापूर्वी संघांचे प्रशिक्षक अशी पारख करतात. जिल्हा व राज्य पातळीवर मिळवलेले गुण व्यावसायिक स्पर्धेत कितपत टिकतील, हा तिच्यातील मुख्य प्रश्न असतो. चढाईपटू प्रतिपक्षाच्या अंगणात एकटाच जात असला, तरी त्याचे यश संघाच्या रचनेशी बांधलेले असते. त्यामुळे केवळ गुणांची बेरीज फसवी ठरू शकते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कबड्डीला संघटित रूप देणाऱ्यांत शंकरराव तथा बुवा साळवी यांचे नाव अग्रस्थानी आहे. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै हा राज्यात 'कबड्डी दिन' म्हणून साजरा होतो. गावातील संघ, जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा ही खेळाडूची पारंपरिक वाटचाल होय. चांगल्या खेळाडूला रेल्वे, पोलीस दल, बँका अशा ठिकाणी खेळाच्या आधारे नोकरी मिळत असे.

२६ जुलै २०१४ रोजी आठ संघांसह प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वाधिक १२ लाख ८० हजार रुपयांची बोली राकेश कुमारवर लागली होती. २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर ५ कोटी रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती, तर खेळाडूंचे चार गट पाडून ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख अशा मूळ किमती ठरवल्या होत्या. एका खेळाडूवर जास्त रक्कम खर्ची पडली की उरलेल्या संघासाठी तेवढी कमी राहते. त्यामुळे अचूक पारखेला आर्थिक महत्त्व प्राप्त झाले.

मूल्यमापनाचे निकष

चढाईची मुदत ३० सेकंदांची असते. चढाईपटूला किमान निदान रेषा ओलांडावी लागते किंवा गडी बाद करावा लागतो. मूल्यमापनात पुढील बाबी पाहिल्या जातात.

गुणांचा प्रकार : चढाईचे गुण दोन तऱ्हांनी मिळतात. स्पर्शाने गडी बाद केल्यास प्रतिपक्षाचा खेळाडू बाहेर जातो आणि आपला बाद झालेला खेळाडू परत येतो. बोनस गुणाने धावफलक हलतो, पण कोणी बाहेर जात नाही व कोणी परतही येत नाही. शिवाय प्रतिपक्षाचे सहा किंवा सात खेळाडू मैदानात असतानाच बोनस गुण मिळू शकतो.

पकड होण्याचे प्रमाण : पकड झाली की प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि चढाईपटू स्वतः बाहेर बसतो. मैदानात तीन किंवा त्यांहून कमी बचावपटू असताना पकड झाल्यास प्रतिपक्षाला अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात.

तिसरी चढाई : लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो. बचावपटूंना हे ठाऊक असल्याने ते दबा धरून बसतात. अनेक संघ ही जबाबदारी ठरावीक खेळाडूवर टाकतात. अशा खेळाडूचे यशाचे प्रमाण साहजिकच कमी दिसते.

वजनगट : कुमार गटात वजनाची मर्यादा ७० किलो, तर पुरुष गटात ८५ किलो असते. कुमार गटात अंगबळावर निसटणारा खेळाडू वजनदार कोपरारक्षकांपुढे अडखळू शकतो. पदलालित्य, बगल देण्याचे कौशल्य व मध्यरेषेकडे परतण्याचा वेग हे गुण मात्र पुढच्या पातळीवरही उपयोगी पडतात.

उदाहरण

पुढील काल्पनिक उदाहरणातून हा फरक स्पष्ट होतो. 'अ' या खेळाडूने १०० चढायांत ६० गुण मिळवले. त्यांपैकी २५ बोनस होते आणि २५ वेळा त्याची पकड झाली. 'ब' या खेळाडूने तितक्याच चढायांत ४५ गुण मिळवले. त्यांपैकी ५ बोनस होते आणि १२ वेळा पकड झाली. वरवर पाहता 'अ' १५ गुणांनी सरस आहे. प्रत्येक पकडीचा एक गुण वजा केला, तर उरलेले गुण अनुक्रमे ३५ व ३३ होतात. स्पर्शाचे गुण 'अ'चे ३५, तर 'ब'चे ४० आहेत. म्हणजे गडी बाद करण्यात 'ब' पुढे आहे. 'ब' बहुतेक वेळा तिसऱ्या चढाईला जात असेल, तर त्याचे मोल आणखी वाढते.

संघाच्या रचनेचा प्रभाव

बचाव भक्कम असला की बाद झालेला चढाईपटू लवकर परत येतो व त्याला अधिक चढाया मिळतात. दुसरा चढाईपटू समर्थ असेल, तर बचावाचे लक्ष विभागले जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. पदार्पणाच्या हंगामातच त्याने चढाईत २०० हून अधिक गुण मिळवले. पुढील वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. तेथेही त्याने भरपूर गुण मिळवले, पण संघ गुणतक्त्यात तळाजवळच राहिला.

२०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून अधिक रक्कम खर्च केली. त्या हंगामात संघ शेवटच्या स्थानी राहिला. पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर २ कोटी ३५ लाख रुपये खर्चले होते. परंतु तो प्रामुख्याने बचावाची बाजू सांभाळणारा अष्टपैलू होता, आणि अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे हे चढाईपटू संघात आधीपासून होते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला हरवून विजेतेपद मिळवले. दोन्ही संघांनी एकेका खेळाडूवर मोठी रक्कम लावली. भोवतालची रचना मात्र भिन्न होती.

तत्सम पद्धती

अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंची व्यावसायिक संघांत वाटणी होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. तेथे बोली लागत नाही; सर्वसाधारणपणे मागील हंगामात तळाला राहिलेला संघ प्रथम निवड करतो. चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या आकड्यांतही महाविद्यालयाची आक्रमण पद्धती व सहकारी यांचा वाटा किती, हाच प्रश्न उद्भवतो. २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडलेल्या टॉम ब्रेडीने सात वेळा सुपर बोल जिंकला, तर २००७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला जामार्कस रसेल तीनच हंगाम टिकला.

मर्यादा

दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या स्पर्धांतील चढाईन् चढाई नोंदवली जाते. गावोगावच्या सामन्यांत बहुधा अंतिम गुणफलकच उरतो. अकोले तालुक्यातील भंडारदऱ्यासारख्या डोंगराळ भागातील मातीवर खेळणाऱ्या युवकाने किती तिसऱ्या चढाया केल्या किंवा किती वेळा पकड चुकवली, हे कागदावर सापडणे कठीण असते. माती व मॅट यांवर पायाची पकडही वेगळी असते. अशा खेळाडूसाठी जिल्हा निवड चाचणी हीच पारखीची मुख्य संधी ठरते. एखाद्या दिवसाच्या खेळावरून झालेला चुकीचा निर्णय संघाला एका हंगामापुरता महाग पडतो; खेळाडूची मात्र कारकिर्दीची मोजकी वर्षे व खेळावर मिळू शकणारी नोकरी त्यामुळे हुकू शकते. म्हणून एकाच चाचणीऐवजी अनेक सामने पाहणे आणि गुणांबरोबर ते कोणत्या परिस्थितीत मिळाले याचीही नोंद ठेवणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

कबड्डी
प्रो कबड्डी लीग
पुणेरी पलटण
शंकरराव साळवी