मोबाईल फुल्ल झालाय? फोटो कॉम्प्युटरवर घेताना आधी 'सिलेक्ट' नीट करा, नाहीतर फोटो कायमचे जातील

मंडळी, मोबाईलवर 'स्टोरेज फुल्ल'चा मेसेज आला की आपण काय करतो? गॅलरी उघडतो आणि दिसेल ते डिलीट करत सुटतो. सकाळी आलेल्या गुलाबाच्या फुलांच्या शुभेच्छा गेल्या तर बरंच झालं, पण त्यांच्यासोबत गारपिटीत आडव्या झालेल्या गव्हाचा फोटो, पोराची मार्कशीट आणि बहिणीच्या हळदीचे फोटोही जातात. त्यापेक्षा घरात किंवा शेजारी कॉम्प्युटर असेल तर फोटो तिकडे काढून ठेवलेले बरे.

पण इथंच गाडी अडते. बरेच जण एक फोटो कॉपी करतात, पेस्ट करतात, मग दुसरा घेतात. चारशे फोटो असले तर अख्खी दुपार गेली. आणि घाईघाईत सगळे एकदम धरायला जावं तर भलतंच काहीतरी उडतं. माझ्या हातून चुलतभावाच्या लग्नाचे फोटो असेच गेले. ते कसे गेले, पुढे सांगतो.

आधी मोबाईल केबलने कॉम्प्युटरला जोडा. नुसतं जोडलं तर बहुतेक फोन फक्त चार्ज होतात. मोबाईलचा पडदा वरून खाली ओढा, तिथं यूएसबीची सूचना दिसेल, तिच्यात 'फाइल ट्रान्सफर' निवडा. मग कॉम्प्युटरवर 'धिस पीसी'मध्ये तुमचा फोन दिसेल. त्यात 'डीसीआयएम' आणि त्याच्या आत 'कॅमेरा' नावाचं फोल्डर असतं. तुमच्या कॅमेऱ्याचे फोटो तिथं.

आता खरं काम. की-बोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात कंट्रोलचं बटण असतं (काही लॅपटॉपवर कोपऱ्यात 'एफएन' असतं, मग कंट्रोल त्याच्या शेजारी). त्याच्या वर शिफ्ट. ही दोन बटणं समजली की झालं.

सुटे सुटे फोटो हवे असतील, म्हणजे इथला एक, तिकडचा एक, तर कंट्रोल दाबून धरा आणि हव्या त्या फोटोवर क्लिक करत जा. चुकून नको तो धरला गेला तर कंट्रोल न सोडता त्याच्यावर पुन्हा एकदा क्लिक करा, तेवढाच सुटतो. सलग फोटो हवे असतील तर पहिल्यावर क्लिक करा, शिफ्ट दाबून धरा आणि शेवटच्यावर क्लिक करा. मधले सगळे आपोआप धरले जातात. सगळंच पाहिजे असेल तर कंट्रोल आणि ए. दोनशेतले पाचच नको असतील तर आधी कंट्रोल-ए करा आणि मग कंट्रोल धरून ते पाच सोडा.

शिफ्ट वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पडद्यावर ज्या क्रमाने फोटो लागलेत, त्याच क्रमाने ते धरले जातात. क्रम विस्कटलेला असेल तर लग्नाच्या दोन फोटोंच्या मध्ये बैलगाडीचा फोटोही येणार. म्हणून आधी नावाप्रमाणे लावून घ्या. बहुतेक अँड्रॉइड फोन फोटोच्या नावातच तारीख टाकतात, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १२ एप्रिल २०२५ चा फोटो असेल तर नावात २०२५०४१२ दिसेल. त्यामुळे एका दिवसाचे सगळे फोटो एकाखाली एक येतात आणि शिफ्टने दोन क्लिकमध्ये धरता येतात.

कंट्रोल धरून क्लिक करताना माऊस जरासुद्धा घसरला तर फोटो ओढला जातो आणि त्याच फोल्डरमध्ये त्याची दुसरी प्रत तयार होते, नावापुढे 'कॉपी' लिहिलेली. हात स्थिर राहत नसेल, वय झालेलं असेल तर चौकटीवाली सोय लावून घ्या. विंडोज ११ मध्ये वर 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'आयटम चेक बॉक्सेस'. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'मध्येच सापडेल. मग प्रत्येक फाइलला छोटी चौकट येते, टिक करत जायचं.

आता माझ्या चुकीकडे येतो. मला फोनमधले फक्त फालतू फोटो उडवायचे होते. शिफ्टने पट्टा धरला, खाली बघितलं नाही आणि डिलीट दाबलं. पट्ट्यात लग्नाचे फोटोही होते. म्हटलं, जातील कुठं, रिसायकल बिनमध्ये असतील. तिथं काहीच नव्हतं. केबलने जोडलेल्या फोनमधून किंवा पेनड्राइव्हमधून डिलीट केलेली फाइल कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते.

म्हणून डिलीट दाबण्याआधी खिडकीच्या अगदी खालच्या पट्टीत बघा. किती आयटम सिलेक्ट झालेत तो आकडा तिथं असतो. तुम्ही बारा धरलेत आणि आकडा एकशे बारा दिसतोय तर थांबा, मोकळ्या जागेत एक क्लिक करा, सगळे सुटतील, पुन्हा सुरुवात करा. फोल्डरच्या बाबतीत मात्र हा आकडा फसवतो. एक फोल्डर धरलं की आत तीनशे फोटो असले तरी मोजणीत ते एकच. आतले किती ते बघायला त्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा.

राइट क्लिक करतानाही धरलेल्या फोटोंपैकीच एकावर करा. बाहेरच्या फोटोवर झालं तर मघापासून केलेली सगळी निवड सुटते.

फोटो हलवताना कंट्रोल-एक्स म्हणजे कट वापरू नका. कंट्रोल-सीने कॉपी करा, कॉम्प्युटरवर नवीन फोल्डर करून कंट्रोल-व्हीने पेस्ट करा. मध्ये केबल निघाली तरी मूळ फोटो फोनमध्ये राहतात. दोन्हीकडचा आकडा जुळला, चार-पाच फोटो उघडून बघितले, की मगच फोनमधले काढा. तेही फोनच्या गॅलरीतूनच. तिथं पहिल्या फोटोवर बोट दाबून धरायचं आणि बाकीच्यांवर टिचक्या मारत जायचं. बहुतेक फोनमध्ये असे काढलेले फोटो काही दिवस ट्रॅशमध्ये राहतात, चूक झाली तर परत आणता येतात.

हीच युक्ती नेट कॅफेत उलट कामाला येते. फॉर्म भरताना तुमचं आधार, पासबुक, सातबारा त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये पडून राहतं. उठण्याआधी कंट्रोल धरून फक्त आपल्या फाइली निवडा, खालचा आकडा बघा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. अशा फाइली रिसायकल बिनमध्येही राहत नाहीत. कॅफेवाल्याला आधी विचारा, म्हणजे त्याच्या फाइली जायच्या नाहीत.