साडेपाचला थांबणारं रेकॉर्डिंग

जानेवारी १९६८. फोर्टातल्या सर फिरोजशाह मेहता रोडवर युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये एचएमव्हीचा स्टुडिओ होता. खाली कचेऱ्या, वर स्टुडिओ आणि आवाज अडवण्याची सोय यथातथाच. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिना उतरणाऱ्यांच्या पावलांचा धडधडाट थेट मायक्रोफोनपर्यंत पोचायचा आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. त्या आठवड्यात रोज हा खोळंबा सोसणारा निर्माता होता बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन. वय वर्षं २४.

त्या आठवड्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, ‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम. बीटल्सपैकी कुणीही स्वतःच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम, आणि त्यांच्या नव्या ‘ॲपल’ कंपनीची ही पहिली एलपी. दुसरी, ‘द इनर लाइट’ हे बीटल्सचं गाणं. त्यात गिटार नाही, ड्रम नाही, पियानोही नाही.

मुंबईच्या उपनगरातल्या नाहूरहून धीमी लोकल धरून सीएसएमटीला उतरलं, की फोर्टातला हा रस्ता चालत गाठता येतो. १९६८ मध्ये नाहूरला स्टेशनच नव्हतं. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधला तो पट्टा कारखान्यांचा होता. साडेपाचला तो जिना घाईघाईने उतरणाऱ्यांपैकी कित्येक जण व्हीटीहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीहून, ठाण्याच्या दिशेची गाडी पकडणारे असणार. वर चाललेल्या कामाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हॅरिसनने नंतर सांगितलं होतं, की नीट कान दिला तर ‘वंडरवॉल म्युझिक’मधल्या भारतीय तुकड्यांमध्ये बाहेरून जाणाऱ्या टॅक्सीही ऐकू येतात.

हॅरिसनला मुंबई नवी नव्हती. सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला तो पत्नी पॅटी बॉइडसह आला होता आणि ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरला होता. ओळख लपावी म्हणून मिशीही राखली होती. ती कामी आली नाही. बातमी फुटली, हॉटेलाबाहेर गर्दी जमली आणि गुरुशिष्यांना काश्मीरला जाऊन शिकवणी पुरी करावी लागली. रविशंकरांनी १९६२ मध्ये मुंबईत ‘किन्नर’ ही संगीतशाळा काढली होती. तिथले शंभू दास १९६६ च्या त्या मुक्कामात हॅरिसनच्या सतारीच्या रियाजाकडे लक्ष देत.

१९६७ मध्ये जो मॅसॉट या दिग्दर्शकाने त्याला ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला सांगितलं. चित्रपटात संवाद कमी होते, त्यामुळे संगीताला भरपूर जागा होती. काय करायचं ते करायला हॅरिसन मोकळा होता. त्याने प्रसंग पुन्हापुन्हा पाहिले, स्टॉपवॉचवर मोजले, कुठे किती सेकंदांचं संगीत लागेल ते लिहून काढलं आणि दोन कप्पे केले. रॉकचे आणि पाश्चात्त्य वाद्यांचे तुकडे लंडनमध्ये करायचे, भारतीय तुकडे मुंबईत. लंडनच्या कप्प्यात लिव्हरपूलचा ‘रेमो फोर’ हा बँड होता, पियानोवर जॉन बरहॅम होता, आणि टोपणनावाने वाजवून गेलेले एरिक क्लॅप्टन आणि रिंगो स्टार होते. मुंबईच्या कप्प्यात सरोद, संतूर, बासरी, सतार, शहनाई, तारशहनाई, पखवाज आणि तबला.

एक अडचण मात्र होती. मुंबईच्या स्टुडिओत फक्त मोनो यंत्र होतं, म्हणजे सगळे वादक एकाच ट्रॅकवर, एकदा झालं ते झालं. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी कोलकात्याहून टू-ट्रॅक यंत्र आगगाडीने मुंबईला आणलं. हे मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. तेव्हा लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चार ट्रॅकवर काम चालायचं. आज नाहूरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसलेल्या मुलाला हवे तेवढे ट्रॅक मिळतात. त्याला दोन ट्रॅकची मातब्बरी कळणं अवघड आहे. दोनच ट्रॅक असले, की चूक दुरुस्त करायला जागा जवळजवळ उरत नाही. सगळ्यांनी एकत्र बसून, एका दमात, बिनचूक वाजवायचं.

तीन मिनिटांची तालीम

नेमकं हेच मुंबईच्या वादकांना येत होतं.

या अल्बमविषयी बोलताना पौर्वात्य अध्यात्म आणि साठच्या दशकातला हिप्पी काळ यांचा उल्लेख हमखास होतो. पण ९ जानेवारीपासून चारपाच दिवसांत एवढं काम उरकलं, त्याचं श्रेय एका साध्या गोष्टीला द्यावं लागतं. हे वादक मुरलेले व्यावसायिक होते. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. आकाशवाणीच्या नोकरीतून ते मुंबईत आले आणि चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांची बासरी सतत वाजत होती. संतूरवर शिवकुमार शर्मा. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये त्यांचं संतूर वाजलं होतं, आणि ‘गाइड’मधल्या एका गाण्यात तर त्यांनी चक्क तबल्याची साथ केली होती. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे अली अकबर खाँ यांचे पुत्र आणि बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू. तबल्यावर आणि पखवाजावर महापुरुष मिश्रा. तारशहनाईवर विनायक व्होरा.

मैफिलीत तासभर राग मांडणारी ही माणसं सकाळच्या शिफ्टला स्टुडिओत जाऊन अरेंजरने सांगितलेला आठ मात्रांचा तुकडा पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये वाजवून देत. ‘इथे चाळीस सेकंद, उदास, शेवटी सम’ अशी सूचना त्यांना नवी नव्हती.

त्याच्याही मागे तबकडीचा इतिहास आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे. अब्दुल करीम खाँ असोत की बालगंधर्व, सगळ्यांनी आपलं गाणं त्या मापात बसवलं. विस्तार गाळायचा, रागाची ओळख पटवणारे स्वरसमूह लवकर आणायचे, दोनचार ताना घ्यायच्या आणि तिहाई घेऊन संपवायचं. ‘वंडरवॉल म्युझिक’मधला ‘गत किरवानी’ हा तुकडा जेमतेम सव्वा मिनिटाचा आहे. आलाप नाही, थेट द्रुत गत. ‘तबला अँड पखवाज’ मिनिटभरात आटोपतो. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला हे अपुरं वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही. राग मांडणं हा इथला हेतूच नव्हता. प्रसंगाचा रंग पकडायचा होता.

हॅरिसनकडूनही वादकांना काही नवं मिळालं. ‘लव्ह सीन’ या तुकड्यात आशिष खाँ यांनी एकदा सरोद वाजवली आणि मग ती ध्वनिफीत ऐकत तिच्यावरच दुसऱ्यांदा वाजवली. स्वतःशीच जुगलबंदी! लंडनच्या पॉप स्टुडिओत ही रोजची युक्ती होती, सरोदियाच्या हाती मात्र तिचा सवाल-जवाब झाला. दुसऱ्या टोकाला ‘ड्रीम सीन’ हा तुकडा आहे. त्यात उलट्या फिरवलेल्या फिती आणि एकमेकांवर चढवलेले आवाज आहेत; गाणं म्हणावं असं त्यात काही शिल्लक राहत नाही.

गाणं मुंबईत, गळा लंडनमध्ये

‘द इनर लाइट’ची गोष्ट वेगळी आहे, कारण ते सरळसरळ पॉप गाणं आहे. केंब्रिजचे संस्कृत पंडित हुआन मास्कारो यांनी हॅरिसनला पत्र लिहून ‘ताओ ते चिंग’मधल्या एका वचनाला चाल लावायचं सुचवलं होतं. त्याचा वाद्यमेळ १२ जानेवारीला याच स्टुडिओत रेकॉर्ड झाला. फीत लंडनला गेली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ॲबी रोडमध्ये तिच्यावर हॅरिसनचा आवाज चढला, शेवटाला लेनन आणि मॅकार्टनी यांची साथ.

गाण्याची बांधणी बारकाईने ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला सरोद आणि शहनाई तालवाद्यांसह वेगात धावतात. मग लय निवते, बासरी आणि हार्मोनियम पुढे येतात आणि आवाज शिरतो. हा खेळ पुन्हा होतो आणि अडीच मिनिटांच्या थोडं पुढे गाणं संपतं. अंतरे, मधलं संगीत, पुन्हा अंतरे हा साचा हिंदी आणि मराठी गाण्यांच्या श्रोत्याला पाठ असतो. १५ मार्च १९६८ ला ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूवर हे गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ.

शहरात आधीपासून

भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत जोडण्याचा हा खेळ लंडनला प्रयोग वाटत होता, पण मुंबईत तो आधीपासून वेगवेगळ्या दिशांनी चालला होता. गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला. राग आणि सिम्फनी यांची सांगड घालणाऱ्या त्या मैफिलीत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते.

एचएमव्हीतच जी. एन. जोशी होते. मूळचे वकील, ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ घरोघरी पोचवणारे भावगीत गायक, आणि नंतर कंपनीचे अधिकारी. त्यांनी १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी काढली. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांच्या क्रमाने सांगायचा, अशी तिची कल्पना. संतूर शिवकुमारांचं, बासरी चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची, तबला माणिकराव पोपटकरांचा. म्हणजे हॅरिसन मुंबईत आला तेव्हा त्याच्या ताफ्यातले दोन प्रमुख वादक एक सलग कथा सांगणारा अल्बम करून मोकळे झाले होते. १९६८ मध्येच शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ आली. अकरा राग, रईस खाँ यांची सतार, आणि भोवती सॅक्सोफोन, ट्रंपेट, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम.

‘वंडरवॉल म्युझिक’ १ नोव्हेंबर १९६८ ला ब्रिटनमध्ये आला. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत तो ४९ व्या क्रमांकापर्यंत चढला. खपाच्या दृष्टीने ही बीटल्सला शोभणारी कामगिरी नव्हती, आणि चित्रपटही फारसा चालला नाही. नाव मात्र टिकलं. ओॲसिस या बँडने १९९५ मध्ये ते आपल्या गाण्याला दिलं, आणि गिटार शिकणारी मुलं जगभर ते गाणं वाजवत बसतात.

वादकांशी हॅरिसनचा संबंध त्या आठवड्यापुरता राहिला नाही. १९७४ मध्ये रविशंकरांबरोबर त्याने अमेरिकेचा दौरा केला, त्या ताफ्यात शिवकुमार आणि हरिप्रसाद दोघेही होते. पुढे ‘शिव-हरी’ या नावाने दोघांनी ‘सिलसिला’ (१९८१) आणि ‘चांदनी’ (१९८९) यांचं संगीत केलं. उलट्या दिशेचा प्रवासही झाला. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद बसवला. अस्सल मराठी चालींमागे हॉलिवूडचे वादक आले.

मुंबईच्या चित्रपटांच्या तबकड्यांवर त्या काळी वादकांची नावं नसत. संगीतकार, गीतकार, गायक, बस. ‘वंडरवॉल म्युझिक’च्या वेष्टनावर भारतीय वादकांची नावं वाद्यांसह छापलेली आहेत. २०१४ मध्ये अल्बम नव्याने निघाला तेव्हा त्यात ‘द इनर लाइट’चा मुंबईतला आणखी एक टेक घातला गेला. त्यात गाणारा आवाज नाही. फोर्टातल्या त्या स्टुडिओत वादकांनी जे वाजवलं, तेवढंच त्यात आहे, आणि ते ऐकल्यावर लंडनमध्ये नंतर किती भर घालावी लागली, याचा अंदाज येतो.